मोहरील बाईंच्या फरशीवरचे मुद्दे

रक्त तपासायला म्हणून परवा सकाळी उपाशीपोटी नागपुरात रामदासपेठेतल्या एका लॅबमध्ये जाऊन बसलो, मान खाली घातली, तर फरशी माझ्याकडे टक लावून बघत होती. फरशी बघत नसते असं ज्याला वाटतं, त्यानं जन्मात कधी मुद्देसूद निबंध लिहिलेला नाही, एवढंच म्हणतो. काळ्या-लाल चौकटी, प्रत्येक चौकटीत एक पिवळट फूल, जुनी सिमेंटची फरशी. भिंती पाडल्या होत्या. खिडकीच्या जागी काच आली होती. मोहरील बाईंचा माठ असायचा तिथं पाण्याचं मशीन उभं होतं. छतही बहुधा दुसरंच असावं. मग फरशीच तेवढी काहून सोडली? मला लगेच संशय आला.

मला संशय येतो. ताटातलं वरण नेहमीपेक्षा पिवळं दिसलं तरी येतो, शेजारी हसून नमस्कार करत असेल तर त्याआधीच येतो. बायको म्हणते, रक्तासोबत त्याचीही तपासणी करून घ्या. पण हा आजार मला याच फरशीवर लागला. तसं काउंटरवरच्या पोरीला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "काका, तुमचा नंबर यायचा आहे अजून. बसा न." बसलो. बसल्यावर आठवायचं नाही तर काय करायचं?

या खोलीत उन्हाळ्याच्या सुट्टीत मोहरील बाईंचा निबंधाचा वर्ग भरायचा. मी तेव्हा सदरला मामाकडे राहून शिकत होतो. आई, बाबा, म्हैस आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सगळं कुहीकडच्या गावाला. सुट्टी लागली की गावची पोरं गावाला पळायची. मामानं मला मात्र भर मे महिन्यात इथं आणून टाकलं, कारण माझा 'माझी शाळा' हा निबंध शाळेपासून निघून मामाच्या स्कूटरवर संपला होता आणि मधे कुठं थांबलाही नव्हता. सदरहून दुपारी सायकलवर यायचो. ऊन असं, की मऊ झालेल्या डांबरात चाकाचा ठसा उमटायचा, आणि संध्याकाळी त्याच ठशात चाक ठेवलं की सायकल आपली आपण घरी जायची. मी नुसता वर बसून राहायचो.

दारातून आत पाऊल टाकलं की आधी वास यायचा, ओल्या वाळ्याचा. बाईंच्या कूलरचा. या कूलरबद्दल मी जे सांगतो ते लोकांना खोटं वाटतं. पत्र्याचा, कपाटाएवढा, आणि आतला पंखा मोडीत निघालेल्या विमानाचा. असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो, आणि सांगून सांगून आता मलाही तसंच आठवतं. बटण दाबलं की आधी घरघर, मग खडखड, मग अख्ख्या घराला एक उचकी लागायची आणि तो ओला, मातकट, हिरवा वारा सुटायचा. अंगावरचा घाम जागच्या जागी गार व्हायचा. तो वास आता कुठं राहिला? आता कूलरात पुठ्ठ्याचं पोळं असतं. त्याला वास म्हणजे पुठ्ठ्याचाच.

बाकीच्या शिकवण्यांमध्ये तयार निबंध मिळायचे. पाठ करा आणि पेपरात ओता. बाईंकडे उलटं. "आधी मुद्दे. लिहायचं नंतर," हे त्या इतक्या वेळा म्हणायच्या, की त्यांचा पोपटही म्हणाला असता, पण त्यांच्याकडे पोपट नव्हता. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांनी चिठ्ठ्या करून ठेवलेल्या असायच्या. एका बाजूला कोणाचं तरी 'सहकुटुंब सहपरिवार', दुसऱ्या बाजूला आमचा मुद्दा. एका चिठ्ठीवर एकच. मग सगळ्यांनी फरशीवर उकिडवं बसायचं, एका चौकटीत एक अशा चिठ्ठ्या मांडायच्या, आणि कूलरच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक चिंचोका ठेवायचा.

"मुद्दा म्हणजे लग्नातला पाहुणा," बाई म्हणायच्या. "कोण कोणाच्या शेजारी बसणार, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे पंगत वाढायच्या आधी ठरतं. व्याह्यांना तुम्ही दाराशी चपलांजवळ बसवता का रे?"

माझ्या पंगतीत व्याही नेहमी चपलांजवळच असायचे.

चिंचोका ठेवायला विसरलं की मुद्दा गेला. माझा एक उपसंहार दारातून उडाला तो शेजारच्या धंतोली वस्तीत एका गृहस्थांच्या अंगणात पडला. ते बिचारे उन्हाचे परत द्यायला आले आणि म्हणाले, प्रस्तावनाही उडाली असती तर वाचायला सोपं गेलं असतं.

मांडून झालं की बाई टाळी वाजवायच्या. "चला, पन्हं!" मग सगळ्यांनी मागच्या ओसरीत जायचं. मागे कडुनिंब होता. निंबोळ्या पत्र्यावर टपटप पडायच्या. निखाऱ्यावर भाजलेल्या कैरीचा जरासा जळका वास, गूळ, वेलची, आणि गार ग्लासाला ओठ लागले की दातापर्यंत जाणारी झिणझिण. आम्ही पन्हं पीत असताना मुद्दे आत एकटे पडलेले असायचे. त्यांच्याकडे बघायचं नाही असा नियम. "मुरू द्या त्यांना," बाई म्हणायच्या. मग परत जायचं, नव्या डोळ्यांनी बघायचं, चुकलेला पाहुणा उठवून दुसरीकडे बसवायचा, आणि मगच कागद हातात घ्यायचा.

घोटाळा इथं होता. मी परत यायचो तेव्हा माझे मुद्दे आधीच हललेले असायचे.

देवाशपथ सांगतो. 'आठवडी बाजारात एक तास' असा विषय होता. मी 'बाजार म्हणजे काय' हे पहिल्या चौकटीत मांडलं होतं आणि 'माझी चप्पल हरवली' हे अगदी शेवटी. पन्हं पिऊन आलो, तर पहिल्या चौकटीत चप्पल! आणि निबंध चांगला झाला, ही त्याहून भयंकर गोष्ट. बाई म्हणाल्या, "आज जमलं बरं का तुला." आता बघा, चोर आला तर तो काहीतरी घेऊन जातो. हा चोर घरात शिरून भांडी घासून जात होता. अशा चोराचा जास्तच संशय यायला पाहिजे.

पहिला संशय मंदावर. वर्गात सगळ्यात हुशार, आणि माझ्या शेजारच्याच चौकटीत मांडायची.

"मंदे, तू माझ्या चिठ्ठ्या हलवून राहिली."

"काहून? मले माझे मुद्दे कमी पडले का गा?"

"मग तुझ्या फ्रॉकवर चिंचोक्याची धूळ काहून?"

"अन् तुझ्या नाकावर पन्हं आहे. म्हणून काय तू कैरी झाला?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणजे ती दोषी होती. पण दुसरा संशय काकांवर. काका म्हणजे बाईंचे यजमान. दुपारभर आतल्या खाटेवर तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपलेले असायचे. झोपलेला माणूस घोरतो, कूस बदलतो, सगळं मान्य. पण झोपलेला माणूस पान उलटत नाही. काका उलटायचे.

शेवटी बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "अरे, कोण कशाला हलवेल? तू ठेवतोस एकीकडे आणि तुला आठवतं दुसरीकडे. पन्हं पिऊन आलं की माणसाला आपलंच परक्याचं दिसतं. म्हणून तर पाजते."

उत्तर इतकं सरळ होतं की माझा बाईंवरही संशय बसला.

मग मी सापळा लावला. शिमग्याला गावाला गेलो होतो तेव्हा खाजकुयलीच्या शेंगा आणल्या होत्या, त्या माझ्या पेटीत कागदात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. कशासाठी आणल्या होत्या ते मामाच्या घरी न कळलेलं बरं. शेंगांवरची ती सोनेरी लव काडीनं अलगद माझ्या चिंचोक्यांवर झटकली. जो हात लावेल तो खाजवेल, जो खाजवेल तो चोर. पुराव्याची अशी सोय न्यायालयांतही नसते. आणि मी संतासारखा चेहरा करून पन्हं प्यायला गेलो.

कूलर मात्र मी ध्यानात घेतला नव्हता.

आम्ही आत आलो आणि मंदानं मान खाजवली. सापडली! तेवढ्यात तिच्या पलीकडचा पोरगा पाठ भिंतीला घासायला लागला. मग त्याच्या पलीकडची जुळी भावंडं एकमेकांना खाजवायला लागली. बाई फळ्यावर विषय लिहिता लिहिता कोपर खाजवू लागल्या आणि 'उन्हाळा' या शब्दाला नागमोडी शेपूट फुटलं. आतून काका बनियनवर बाहेर आले, वर्तमानपत्राची सुरळी पाठीवर रगडत, डोळे टक्क उघडे. विमानाच्या त्या पंख्यानं खाजकुयली अख्ख्या घरात पेरली होती. सगळ्यांना अंगणात उभं करून बाईंनी ताक चोपडलं. त्या दिवशी रामदासपेठेत जेवायला ताक उरलं नाही, लोकांनी कोरडा भात खाल्ला. आणि सगळ्यात जास्त मीच खाजवत होतो, त्यामुळे आता माझा माझ्यावरही थोडा संशय होता.

मामानं गावी निरोप धाडला. बाबा सकाळच्या एसटीनं आले ते दुपारी थेट वर्गावर. पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा, आणि चेहरा असा की खाजकुयलीनंही लांबून नमस्कार करावा. पण खाजकुयलीबद्दल ते अक्षर बोलले नाहीत. दारात चपला काढल्या, आत आले, फरशीवर पसरलेल्या आमच्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी ओळखलं. आमच्या घराण्यातलंच होतं ते. संशय.

"मॅडम, राग नका मानू. निबंध शिकवतो म्हनता, अन् हे तं पत्ते मांडल्यावानी करून राहिले पोरं."

"मुद्दे मांडतायत ते," बाई म्हणाल्या.

"असंन. पन मी पोराले घेऊन चाललो. पेटी बांध गा. जूनपासून आपली कुहीचीच शाळा."

कूलर चालूच होता, पण मला घाम फुटला. मला जायचं नव्हतं. आई आठवायची, बांधीवरचं पाणी आठवायचं, म्हशीच्या अंगाचा ऊबदार वासही आठवायचा. पण माझ्या डोक्यात नेमकं काय चाललंय ते मला माझ्या डोळ्यांनी पहिल्यांदा दिसलं होतं ते या फरशीवर, चिंचोक्यांखाली. ते सोडून कसं जायचं? आणि हे बाबांना कसं सांगायचं? बोलायला गेलो असतो तर माझं बोलणं पुन्हा मामाच्या स्कूटरवर जाऊन संपलं असतं.

"न्या," बाई म्हणाल्या. "तुमचा मुलगा आहे. पण कशासाठी नेताय?"

"लय कारणं आहेत."

"मग मांडा."

त्यांनी बाबांच्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि पेन्सिल दिली. बाबा सातवी शिकलेले. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बसले. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. लिहिलं. धानाच्या रोवणीला माणसं वाकून मागे मागे सरकतात ना, तसे चौकटीचौकटीनं मागे सरकत त्यांनी मुद्दे मांडले. मी मान लांब करून वाचत होतो. 'धानाले मानूस भेटत नाही.' 'म्हैस त्याच्याच हातानं दूध देते.' 'साळ्याले किती दिवस तरास द्यावा.' 'नागपूरची हवा लागून राहिली', हा खाजकुयलीचा मुद्दा. 'कुहीची शाळा खराब नाही.' अक्षर धानाच्या ओळीसारखं, जरा वाऱ्यावर कललेलं.

शेवटची चिठ्ठी मात्र लिहायला त्यांना वेळ लागला. लिहिली, आणि दाराजवळच्या अगदी शेवटच्या चौकटीत ठेवली. चिंचोका असा ठेवला की अक्षरं झाकली जावीत.

"चला, पन्हं!" बाईंनी टाळी वाजवली.

"मले नाही पाहिजे."

"पन्हं घेतल्याशिवाय कोणी काही ठरवत नाही इथं."

बाबा गेले. सगळे गेले. मी मात्र हातपाय धुवायचं निमित्त काढून घराला वळसा घालून कूलरच्या मागे जाऊन उभा राहिलो. खिडकीच्या चौकटीत आणि कूलरच्या पत्र्यात एक फट होती. वाळ्याचं पाणी माझ्या पायांवर ठिबकत होतं, ओल्या गवताचा वास नाकात, आणि डोळा फटीला. आज चोर सापडणार होता. खोली रिकामी. चिठ्ठ्यांच्या कडा वाऱ्यानं फडफडतायत. आतल्या खाटेवर काकांनी पान उलटलं. मी श्वास धरला. कोणी आलं नाही. मंदा नाही, बाई नाहीत, मांजर नाही.

मग ओसरीच्या दारातून अनवाणी पावलं आली. बाबा.

हातात पन्ह्याचा ग्लास, भरलेला. घोटसुद्धा घेतलेला नव्हता. आपल्या चिठ्ठ्यांपाशी ते बराच वेळ नुसते उभे राहिले, पेरून झाल्यावर माणूस बांधावर उभा राहतो तसे. मग ग्लास एका फुलावर ठेवला, खाली बसले, दाराजवळच्या चिठ्ठीवरचा चिंचोका काढला. चिठ्ठी उचलून पहिल्या चौकटीपाशी नेली. परत शेवटी ठेवली. पुन्हा उचलली. शेवटी बाकीचे सगळे मुद्दे त्यांनी एकेक घर मागे सारले, म्हैस, धान, साळा, सगळे, आणि ती चिठ्ठी पहिल्या चौकटीत ठेवली. चिंचोका या वेळी कोपऱ्यावर ठेवला. मला फटीतून वाचता आलं.

'घर सुनं लागते.'

ते उठले, दुपट्ट्यानं तोंड पुसलं, ग्लास उचलला आणि आले तसे गेले.

थोड्या वेळानं सगळे आत आले. मीही ओल्या पायांनी येऊन बसलो. बाबांनी फरशीकडे पाहिलं आणि भुवया चढवून विचारलं, "हे कोनं हलवलं?"

माझ्या बाबांसारखा अभिनय मी नागपुरातल्या कुठल्या नाटकात पाहिला नाही.

"मी नाही हं, काका," मंदा बाबांना घाईघाईनं म्हणाली, आणि माझ्याकडे बघून डोळे वटारले.

"वाचा," बाई म्हणाल्या.

"घर सुनं लागते," बाबांनी वाचलं. दुसऱ्या चिठ्ठीकडे वळले. 'धानाले'पर्यंत आले आणि थांबले. मग वाकून त्यांनी बाकीच्या चिठ्ठ्या एकेक करून उचलायला सुरुवात केली. चिंचोके फरशीवर टकटक वाजले.

"मॅडम, हा मुद्दा मांगं होता तवा पोराले नेता येत होतं," ते म्हणाले. "म्हशीसाठी नेलं असतं. धानासाठी नेलं असतं. कोनी नाव ठेवलं नसतं."

"आणि आता?"

"आता हा पुढं येऊन बसला. आपल्याले करमत नाही म्हनून पोराची शाळा सोडवता येते काय?"

आतमध्ये काकांचं पानही उलटलं नाही.

बाबांनी तो पन्ह्याचा ग्लास आता एका दमात संपवला. दारात चपला घालताना मला म्हणाले, "ते खाजकुयली अजून हाय काय तुह्यापाशी?"

"हो."

"आन इकडे. मामाच्या घरी नको लावू." मी दप्तरातून उरलेल्या शेंगांची पुडी काढून दिली. ती त्यांनी खिशात घातली आणि गेले. एसटीत त्या पुडीचं काय झालं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या गाडीतले प्रवासी कुही यायच्या बऱ्याच आधी उतरून पायी गेले, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे.

लॅबच्या या खुर्चीवरून दाराजवळची ती चौकट दिसते. तिच्यावर आता कोणाची तरी चालायची काठी टेकवून ठेवली आहे. माझ्या चिठ्ठ्या कोण हलवायचं ते मला आजही माहीत नाही. बाई गेल्या, काका गेले, मंदा कुठंशी मुख्याध्यापिका आहे म्हणतात आणि तिच्यावरचा माझा खटला अजून चालू आहे.

तो उन्हाळा संपला, शाळा सुरू झाली, बाईंचा वर्ग शनिवारी दुपारी भरू लागला. आणि का कोण जाणे, बाबांना एकाएकी रामदासपेठेत कामं निघायला लागली. वर्ग सुटला की समोरच्या फुटपाथवर ते उभे. हातात पिशवी, पिशवीत नव्या तांदळाचा वास.

"काहून आले, बाबा?"

"डॉक्टरनं बोलावलं होतं."

"काय झालं?"

"काही नाही. असंच. पाठ."

पुढच्या वेळी डोळे. त्याच्या पुढच्या वेळी गुडघा. धानाचं पोतं काखेत मारून बांध ओलांडणारा, बैल अडला तर बैलाला समजावण्याऐवजी सरळ उचलून पलीकडे ठेवणारा माणूस हा. कोणता डॉक्टर म्हणून विचारलं की ते हात वर करून अख्खी रामदासपेठ या टोकापासून त्या टोकापर्यंत दाखवायचे. दवाखान्यांना तोटा नव्हता. पिशवीत कधी औषधाची बाटली दिसली नाही, कधी गोळीचा कागद नाही. मी, ज्याला वरणाच्या रंगाचाही संशय येतो, त्यानं तेवढ्या एका बाबतीत कधी चौकशी केली नाही.

मी सायकल हातात धरायचो आणि आम्ही दोघं एसटी स्टँडकडे चालत निघायचो. गुडघा दुखणाऱ्या माणसाच्या मानानं बाबा फार भराभर चालायचे, मला मागे टाकायचे. पण स्टँड जवळ आलं, कुहीच्या गाडीची पाटी दिसायला लागली, की एकदम पाऊल आखडायचं. एक हात माझ्या सायकलच्या सीटवर टेकायचा. मग ते अगदी हळू, थांबत थांबत चालायचे, आणि तेवढ्या अंतरात गुडघा खरोखरच दुखत असावा.